चार इसा अन् पाच

जळकोटजवळचा हायवे चौपदरी झाला तेव्हा जुना रस्ता शंभर पावलं बाजूला पडला आणि त्याच्यासोबत एसटीचा जुना थांबाही. तीन भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचं एक लांबलचक बाकडं. एसटी तिथं थांबायची कधीच बंद झाली. पण रोज सकाळी आठाच्या ठोक्याला वीसेक पोरं तिथं जमतात. कुणी मेंढक्यांची, कुणी वीटभट्टीवरची, कुणी ढाब्यावर भांडी घासणाऱ्या बायांची. त्यांना नागूबाई शिकवते. कुणाकडून काही घेत नाही. उलट कुणी पाटी विसरून आलं तर स्वतःची देते आणि मग दिवसभर त्याला ते ऐकवत राहते.

थांब्याच्या दर्शनी पत्र्यावर परवापर्यंत निळ्या रंगात एक मजकूर होता. 'नागूबाई हरिबा देवकते, सातवी पास. येथे मुलांना मोफत शिकवले जाते.' ढाब्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या बब्रुवान पेंटरनं अकरा वर्षांपूर्वी तो हौसेनं लिहून दिला होता. सातवी पास हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. एवढी शिकवते म्हणजे सातवी तरी असणारच, असा त्यानं हिशोब केला असावा. नागूबाई तेव्हा तिथंच उभी होती. तिनं सगळं वाचलं, सातवी पासवर तिची नजर अडली, आणि ती गप्प राहिली. ते गप्प राहणं पुढं अकरा वर्षं चाललं.

कारण खरं असं होतं, की नागूबाई शाळेत एक दिवससुद्धा गेलेली नव्हती.

माहेर तिचं येरमाळ्याकडचं, मेंढरांच्या मागं वाढलेली. लग्न होऊन जळकोटला आली, आणि तिचा वैजनाथ पहिलीत गेला तेव्हा त्याच्या शेजारी बसून तीही पाटीवर गिरवायला लागली. तेव्हा तिचं वय तीसच्या आसपास. वैजनाथ तिसरीत गेल्यावर त्याला आईला सोबत घेऊन अभ्यास करायची लाज वाटू लागली. मग ती एकटीच पुढं निघाली. भज्यांच्या पुडीचे कागद, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, ट्रकची पाठ, दवाखान्याच्या भिंती, जे समोर येईल ते वाचलं. नवरा हरिबा म्हणायचा, हिला जेवायला वाढताना आधी कागद काढून घ्यावा लागतो. वैजनाथ आज सोलापुरात बँकेत शिपाई आहे, आणि त्याच्या आईचं वाचन त्याच्यापेक्षा जास्त आहे हे तो स्वतःच कबूल करतो.

वाचन असं जमलं. गणितानं मात्र तिला फार छळलं. वैजनाथच्या पुस्तकात दहा-दहाचे गठ्ठे होते, आणि नागूबाईचं डोकं लहानपणापासून विसाचं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना तोंडाशी एक जण उभा राहतो. दोन-दोन मेंढरं आत सोडायची, वीस झाली की उजव्या मुठीतला एक खडा डाव्या मुठीत टाकायचा. शेवटी डाव्या मुठीत तीन खडे आणि वर सात मेंढरं असली, तर कळप तीन इसा सात. पाच वर्षांची असल्यापासून तिनं हेच केलेलं. त्यामुळं कुठलीही बेरीज-वजाबाकी ती आधी विसात करायची आणि मग ते उत्तर शाळेच्या आकड्यात फिरवायची. पाटीवर आधी ३।७ लिहायचं, मध्ये एक उभी रेघ, आणि त्याच्याखाली ६७. वरचा आपला आकडा, खालचा शाळेचा.

तिनं पोरांनाही हेच शिकवलं. दुसरं तिला येतच नव्हतं. पण गंमत अशी, की गणिताच्या धाकानं गावच्या शाळेतून पळालेली मेंढक्यांची पोरं तिच्याकडं झरझर हिशोब करायला लागली. खडे त्यांच्या ओळखीचे होते.

त्यातली सगळ्यात तल्लख करिश्मा. बिरदेवची थोरली, अकरा वर्षांची. चार वर्षं नागूबाईकडं शिकत होती, पण तिचं वर्ष पाच महिन्यांचं. पावसाळ्यात कळप जळकोटच्या माळावर असायचा तेवढेच दिवस. दिवाळी झाली की बिरदेव मेंढरं घेऊन आळंदच्या अंगाला निघायचा, तिकडं काढणी झालेल्या रानांत खतासाठी कळप बसवायला. पाठोपाठ बायको लक्ष्मम्मा, घोडीवर संसार, आणि पोरी. परत यायची ती थेट जूनमध्ये, मिरग झाल्यावर. मधल्या सात महिन्यांत करिश्मा काय विसरायची हे नागूबाई मोजत नसे. धुरपदाचं मात्र तिला विसरता येत नव्हतं. धुरपदा दोन वर्षांपूर्वी अशीच एका कळपामागं गेली आणि परत आली ती फक्त तिच्या लग्नाची बातमी. चौदा वर्षांची होती. तिची पाटी अजून नागूबाईच्या घरात फडताळात आहे.

यंदा दिवाळीनंतर नळदुर्गजवळच्या मुलींच्या निवासी शाळेतून निरोप आला. पाचवीतल्या दोन मुली सुट्टीवरून परतल्याच नाहीत, त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं शाळेचं. मंगळवारी चाचणी, ज्या दोन मुली वर येतील त्या राहतील. नागूबाई त्याच दिवशी बिरदेवच्या पालावर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी तो तिला लांबून येताना बघूनच उठला आणि म्हणाला की बरं, मंगळवारी दुपारी कळप हलणार आहे, तोवर तो थांबेल. पोर पास झाली तर शाळेत ठेवील. नाही झाली तर ती कळपाबरोबर येईल, आणि मग आक्कांनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. नागूबाईनं कबूल केलं.

मंगळवारी सकाळी तिघं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून निघाली. जळकोट मागं पडलं तसं करिश्मानं नागूबाईचा दंड पकडला आणि हळूच सांगितलं, तिला काहीच आठवत नाही. पाढेसुद्धा नाही. बिरदेव पुढच्या सीटवर बसून काचेतून बाहेर बघत होता. नागूबाईनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला आणि तिच्या कानाशी वाकली.

"घाबरलीस की आपल्या इसावर ये," ती म्हणाली. "ते कदी चुकत न्हाय."

बोलून तिचं तिलाच बरं वाटलं. पोरीची पकड सैल झाली.

शाळा मोठी, दुमजली, फरशा पुसून लख्ख केलेल्या. बिरदेवनं आपल्या शेणानं भरलेल्या वहाणांकडं बघितलं आणि तो पायरीच्या खालीच थांबला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आणखी चार मुली आल्या होत्या. त्यांच्यासोबत इस्त्रीचे शर्ट घातलेले बाप, एकीसोबत तिचे मास्तर. टेबलाशी एक तरुण शिक्षक फॉर्म भरून घेत होते. उत्कर्ष सर म्हणून. मुलीचं नाव, वय, आधी कुठं शिकली, शिकवणाऱ्याचं नाव. पुढच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं आणि त्यांनी सहज विचारलं, "मावशी, तुमचं शिक्षण?"

अकरा वर्षं ती पाटी तिच्या वतीनं बोलत होती. आज पहिल्यांदा तोंड उघडावं लागलं. मागं तिघं-चौघं उभे होते. एका मुलीचे मास्तर तिच्या लुगड्याकडं बघत होते.

"सातवी," नागूबाई म्हणाली.

सरांनी ते लिहिलं. शाईनं.

मुली आत गेल्या. नागूबाईला व्हरांड्यात बसायला सांगितलं होतं, पण ती खिडकीच्या बाजूला सरकत-सरकत अशी बसली की करिश्माची पाठ दिसेल. आधी वाचन झालं. विहिरीवरचा एक धडा होता, तो करिश्मानं खणखणीत वाचला, जोडाक्षरांवर अडखळलीसुद्धा नाही. नागूबाईनं वळून बिरदेवकडं बघितलं. तो ऐकत होता, मान खाली घालून. मग गणिताचे कागद वाटले. वेणी पुढं-मागं हलत होती, पेन्सिल थांबत नव्हती. बाकीच्या मुली वर छताकडं बघत होत्या, बोटांवर मोजत होत्या, आणि ही लिहीतच चालली होती. नागूबाईचा जीव भांड्यात पडला. आता नुसतं निकालाचं तेवढं राहिलं, असं तिला वाटलं, आणि जीपच्या परतीच्या वेळेचा ती विचार करू लागली.

तासाभरानं मोठ्या बाई बाहेर आल्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, चष्म्याच्या, शांत बोलणाऱ्या. व्हरांड्यातल्या टेबलावर त्यांनी पाच कागद मांडले आणि एकेकीला नावानं बोलावलं. करिश्माचं नाव चौथं आलं.

वाचन उत्तम आहे, त्यांनी सांगितलं, पाचही जणींत उत्तम. शुद्धलेखनही बरं आहे. पण गणितात दहापैकी दोनच बरोबर. एवढ्यावर पाचवीत झेपणार नाही, मुलीचेच हाल होतील. पुढच्या वर्षी चौथीची तयारी करून आणा, बघू. हे सगळं त्या मऊ आवाजात बोलत होत्या, त्यामुळं ते जास्तच लागत होतं.

पुढच्या वर्षी. नागूबाईला धुरपदाची पाटी दिसली.

पायरीखालून बिरदेवनं सगळं ऐकलं होतं. त्यानं एकदा सूर्याकडं बघितलं. "चल माय," तो करिश्माला म्हणाला, रागानं नाही, अगदी नेहमीसारखं. "मेंढरं उभी हायेत." करिश्मानं पिशवी उचलली. ती रडलीसुद्धा नाही, आणि नागूबाईकडं तिनं बघितलंही नाही. बापामागं ती पायऱ्या उतरली.

नागूबाई टेबलाशी खिळून उभी होती. कागद मोठ्या बाईंच्या बाजूनं होता, तिला उलटा दिसत होता. लाल फुल्याच फुल्या. तिनं मान वाकडी करून पहिलं उदाहरण वाचलं. शेहेचाळीस अधिक अडतीस. समोर करिश्माच्या गोल अक्षरात ४।४, आणि त्याच्यावर फुली. पुढं शहाण्णव वजा एकोणचाळीस, उत्तर २।१७. बारा नवे, उत्तर ५।८. बरोबर ठरलेली दोन उत्तरं तेरा आणि बारा. म्हणजे विसाच्या आतली. जिथं खडा टाकायची वेळच येत नाही, तेवढीच.

खालचा आकडा पोरीनं एकदाही लिहिला नव्हता. घाबरली आणि विसावर आली. जीपमध्ये सांगितलं होतं अगदी तसं. पोर गणितात नापास झाली नव्हती, ती आपल्या बाईचं ऐकल्यामुळं नापास झाली होती.

तिला आधी सुचलं ते पळवाटेचं. पोरीला बरं नव्हतं, जीपमध्ये तिच्या पोटात कालवत होतं, अजून एक डाव बसू द्या, असं ती घाईघाईनं बोलली. मोठ्या बाईंनी मान हलवली. असं एकीला दिलं तर चौघी मागतील, त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी करिश्माचा कागद इतर कागदांच्या खाली घातला आणि पाचवं नाव वाचायला तोंड उघडलं.

बिरदेव फाटकापर्यंत पोचला होता. करिश्मा त्याच्या मागं दोन पावलं.

उत्तरं बरोबर आहेत हे सांगायचं तर ती कशी बरोबर आहेत हेही सांगावं लागणार होतं. सातवी शिकलेली बाई कळपाच्या खड्यांवर गणित कशाला शिकवील, हे शेंबडं पोरही विचारील. फॉर्मवर शाई अजून ताजी होती. समोर मास्तर उभे होते, पोरींचे बाप उभे होते, आणि फाटकात बिरदेव, ज्याच्या तोंडून ही गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक पालावर पोचली असती. बाई अडाणी आहे. उद्या बाकड्यावर कोण बसलं असतं? अकरा वर्षांत कमावलं ते सगळं एका वाक्यात जाणार होतं. फाटकाची कडी वाजली.

"थांब बिरदेवा," नागूबाईनं हाक दिली. आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. मग ती मोठ्या बाईंकडं वळली. "ही चूक पोरीची न्हाय, बाई. माझी हाय. म्या सातवी शिकल्याली न्हाय. म्या शाळंत गेलेच न्हाय कदी."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मग फॉर्मवर सातवी कसं आलं, त्यांनी विचारलं. खोटं सांगितलं, नागूबाई म्हणाली. आणि मग थांबली तर पुन्हा बोलायचं धाडस होणार नाही अशा भीतीनं तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. खडे, वीस-वीस मेंढरं, मधली उभी रेघ, खाली लिहायचा शाळेचा आकडा, आणि जीपमध्ये दिलेला तो शहाणपणाचा सल्ला. बोलताना तिचे कान तापले होते. मागं इस्त्रीच्या शर्टांपैकी कुणीतरी हसलं.

उत्कर्ष सर हसले नाहीत. त्यांनी खालचा कागद ओढून काढला. चार विसा चार, ते पुटपुटले, चौऱ्याऐंशी. दोन विसा सतरा, सत्तावन्न. त्यांचं बोट एकेका फुलीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटाला ते मोठ्या बाईंना म्हणाले की एक सोडलं तर सगळी बरोबर आहेत.

नागूबाईला वाटलं, झालं. पण मोठ्या बाई तेवढ्यानं विरघळणाऱ्या नव्हत्या. उत्तर आपल्यापुरतं बरोबर असून भागत नाही, त्या म्हणाल्या. इथल्या पुस्तकात, फळ्यावर, परीक्षेत सगळीकडं शाळेचाच आकडा. तो तिला येतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नवी दहा उदाहरणं, पंधरा मिनिटं, इथंच सगळ्यांसमोर. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. इतर बापांनी एकमेकांकडं बघितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. "आणि तुम्ही," त्या नागूबाईला म्हणाल्या, "एक शब्द बोलायचा नाही. खूणसुद्धा नाही. तशी केलीत तर मी कागद फाडीन."

आता सगळं बिरदेववर होतं. सूर्य डोक्यावर आला होता. तिकडं माळावर लक्ष्मम्मानं घोडीवर ओझं बांधून ठेवलं असणार. तो फाटकात काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला, नागूबाईकडं त्यानं बराच वेळ बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते तिला कळेना. मग तो परत आला आणि पायरीच्या कडेला उकिडवा बसला.

करिश्मा टेबलाशी बसली. तिच्या हाताला घाम सुटला होता, कागदाला बोटाचा डाग पडला. पहिल्या उदाहरणाला तिनं कडेला बारीक उभी रेघ मारली, थांबली, आणि उत्तराच्या जागी शाळेचा आकडा लिहिला. दुसरं तसंच. तिसरं. सर घड्याळ बघत होते. पाचवं, सहावं. नागूबाईच्या हातातल्या पदराच्या टोकाचा बोळा झाला होता.

सातव्याला पेन्सिल थांबली. सतरा गुणिले सहा.

नागूबाईला लांबूनच कळलं काय झालंय ते. कडेला ५।२ लिहिलेलं दिसत होतं, पाच इसा दोन. आणि पाच विसांच्या पुढं सगळीच पोरं अडायची, कारण माळावरचे कळप सहसा तेवढे मोठे नसतातच. आजवर पोरं तिथं आली की नागूबाई नुसतं एक बोट वर करायची. एक शेकडा. तेवढ्यानं पोरांना वाट दिसायची.

करिश्मानं मान वर केली आणि थेट तिच्याकडं बघितलं.

एक बोट. कुणाला कळलंही नसतं, पदराआडून झालं असतं. नागूबाईचं बोट खरोखर हललं. आणि मग तिनं पाठ फिरवली. चार वर्षांत तिनं पोरीकडं कधी पाठ केली नव्हती. समोर भिंतीवर लसीकरणाचं एक चित्र चिकटवलेलं होतं, त्यावरची अक्षरं ती वाचायला लागली. बाळाला वेळेवर लस द्या. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. मागं नुसती शांतता होती, आणि तिला त्या क्षणी स्वतःचा मनापासून राग आला. आपल्याला येत नव्हतं तर कशाला शिकवायला बसलो, पोरांच्या जन्माशी खेळायला.

मग पेन्सिलीचा आवाज आला.

सरांनी कागद तपासला, दोनदा तपासला. आठ बरोबर होती. सातवं त्या आठांत होतं. मोठ्या बाईंनी पाचही जणींचे गुण पुन्हा जुळवले, आधी वाचनाचे, मग गणिताचे, आणि दुसरी जागा हिची, असं सांगितलं. तेही त्याच मऊ आवाजात. मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला, सातवीवर काट मारली आणि विचारलं, इथं काय लिहू? खरं ते लिहा, नागूबाई म्हणाली. मोठ्या बाईंनी त्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारली. नागूबाईला ती रेघ फार लांब वाटली.

बिरदेवनं अंगठा दिला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तो काहीतरी बोलला, ते कुणाला ऐकू गेलं नाही. करिश्मा नागूबाईच्या पाया पडायला वाकली, आणि वाकलेली तशीच तिला चिकटली. नागूबाईला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण त्या आनंदात शरम अशी कालवली गेली होती की तिला पोरीच्या तोंडाकडं सरळ बघवेना.

परतीच्या जीपमध्ये बिरदेव पुन्हा पुढच्या सीटवर. नळदुर्ग ते जळकोट तो एक अक्षर बोलला नाही. चार वर्षं त्याची पोर फसवून शिकवली, असंच त्याला वाटत असणार. उतरल्यावर तो माळाकडं निघून गेला आणि ती थांब्याकडं आली. पोरांना आज सुट्टी दिलेली, बाकडं रिकामं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि उद्यापासून ते असंच दिसेल, याची मनाची तयारी केली.

मग तिनं खालचा एक दगड उचलला, बाकड्यावर चढली आणि पत्र्यावरची अक्षरं खरडायला लागली. बब्रुवानचा रंग चांगल्या प्रतीचा होता, सहजी निघत नव्हता. 'सातवी' निघायलाच घटकाभर गेली. 'पास'मधला प निघाला होता, तेवढ्यात तिला घुंगरांचा आवाज आला.

जुन्या रस्त्यानं बिरदेवचा कळप येत होता. पुढं घोडी, तिच्यावर पालाच्या काठ्या, भांडी, कोंबड्यांची टोपली, आणि सगळ्यांच्या वर बिरदेवची धाकटी शिवकन्या. सहा वर्षांची. तिला शिकवायचं म्हणून नागूबाईनं मागच्या वर्षी शब्द टाकला होता, तेव्हा एक पोर दिली तेवढी पुरे, असं उत्तर मिळालं होतं. लगाम लक्ष्मम्माच्या हातात होता. थांब्यापाशी आल्यावर बिरदेवनं काठी आडवी केली. मेंढरं थांबली.

"काय खरडता, आक्का?" त्यानं विचारलं.

"सातवी पास लिवल्यालं हुतं," नागूबाई म्हणाली. "तेवढं काढते."

बिरदेवनं पत्र्याकडं वर बघितलं, अगदी पहिल्यांदा बघितल्यासारखं.

"मला कुठं वाचता येतंय," तो म्हणाला. "तितं काय लिवलंय ते मला आजच कळलं बगा. पोर पालावर बसून भज्याचा कागद वाचून दावायची, ते आयकून म्या धाडत हुतो."

नागूबाईच्या हातातला दगड तसाच राहिला. लक्ष्मम्मानं शिवकन्येला घोडीवरून उतरवलं, तिच्या हातात कपड्यांचं एक गाठोडं दिलं, आणि डोळे पुसत घोडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. त्यांचं हे आधीच ठरलेलं होतं.

"करिश्माची जागा मोकळी झाली न्हवं," बिरदेव म्हणाला. "हिला बसवा. मिरगाला येतो."

एवढं बोलून त्यानं काठी उचलली. कळप हलला. नागूबाई बाकड्यावरून खाली उतरली आणि तिनं शिवकन्येचा हात घट्ट धरला, लेकरू आता भोकाड पसरणार म्हणून. डोळे तिचेच भरून आले होते. मेंढरं दोघींच्या समोरून धूळ उडवत जाऊ लागली, दोन-दोन, तीन-तीन, मागं लंगडणारी एक कोकरी.

शिवकन्या रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते आणि मोकळ्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती. ती मेंढरं मोजत होती. शेवटचं मेंढरू वळणाआड गेल्यावर तिनं वर बघितलं.

"चार इसा अन् पाच," ती म्हणाली.

"बरूबर हाय," नागूबाई म्हणाली. तिनं सोबतच्या फडक्यातून पाटी काढली, धुरपदाची नाही, स्वतःची, आणि उभी रेघ न मारता तिच्यावर शाळेचा आकडा लिहिला. "आता हे बग. ह्येला पंच्याऐंशी म्हणत्यात."